डीनसाहेबांनी न लिहिलेलं पत्र

माझ्या जावेची नात शर्वरी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात शिकते आणि तिथेच खालच्या वर्गांना शिकवते. जाऊ हे गावभर सांगते आणि मी जळते. लपवू कशाला?

तिथल्या शिकवणाऱ्या पोरांनी दवाखान्याच्या विम्यासाठी संप केला. विमा मागितला की विद्यापीठाचं उत्तर ठरलेलं असे, "तुम्ही कामगार नाही, विद्यार्थी आहात. शिकवणं हा तुमच्या शिक्षणाचाच भाग."

तिसऱ्या दिवशी डीनसाहेबांनी परदेशी पोरांना बोलावलं. "काम बंद ठेवलंत तर व्हिसा जाईल. मग घरी जा." दोघं घाबरून तास घ्यायला उठलीच.

शर्वरी म्हणाली, "साहेब, मीही आत्ता तास घ्यायला जाते. फक्त एवढं लिहून द्या, की ही आमची कामगार आहे आणि हिने काम बंद ठेवलंय."

साहेबांनी पेन उचललं. कामगार म्हणून लिहावं तर विमा द्यावा लागतो. विद्यार्थी म्हणावं, तर संप कुठला आणि धमकी कशाची? पेन खाली ठेवलं. उठलेली दोघं परत बसली. व्हिसा कुणाचाच गेला नाही.

दुपारी पाठ टेकते म्हटलं की आमचे सासरे म्हणायचे, "घरच्या लक्ष्मीला कसली सुट्टी? तू काय मोलकरीण आहेस?" आणि टेकलीच तर, "कामं कोण करणार?" दोन्ही वाक्यं एकाच तोंडची, पण मला ती कधी समोरासमोर ठेवता आली नाहीत.

जावेलाही आली नाहीत, एवढंच समाधान.