उरलेल्या पास्त्याची पंगत

गलबतं शिडांवर चालायची त्या काळची गोष्ट. एका बंदराच्या गावात सगुणाबाई नावाची एक आचारीण राहायची. गावजेवणाला पाचशे माणूस येवो की हजार, ती कधी वजन करायची नाही की माप लावायची नाही. डाळीच्या ढिगाकडे एक नजर टाकायची आणि सांगायची, बास, एवढी पुरे. आणि तेवढी बरोब्बर पुरायची. सगुणाबाईचा अंदाज चुकला तर सूर्य पश्चिमेला उगवेल, असं गावात म्हणत. हे तिच्याही कानावर यायचं आणि खरं सांगायचं तर तिला ते फार आवडायचं.

गावाचा एक नियम होता. गावजेवणाची मोठी पितळी पळी ज्याच्या हातात, तो गावाचा आचारी. जेवणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पंच येऊन भांडी बघायचे. अन्न वाया गेलेलं दिसलं, की पळी खाली ठेवायची, पुन्हा हातात घ्यायची नाही. ही पळी सगुणाबाईकडे वीस वर्षं होती आणि त्याआधी तिच्या सासूकडे होती.

एकदा दूर देशाचं एक गलबत बंदराला लागलं. त्याच्या कप्तानानं गावाला भेट म्हणून सहा पोती पास्ता दिला. गावानं असलं काही बापजन्मात पाहिलं नव्हतं. करंगळीएवढ्या पोकळ नळ्या काय, छोटे छोटे शंख काय, पोरं तर नळ्या तोंडाला लावून पिपाण्यांसारख्या फुंकायला लागली. लगेच ठरलं, उद्या गावजेवण आणि गावजेवणाला हाच पास्ता.

किती माणसांना किती लागतो ते कप्तान सांगायला लागला, पण सगुणाबाईनं हात वर करून त्याला गप्प केलं. तिची धाकटी जाऊ हाताखाली कामाला असायची. ती हळूच म्हणाली, "जाऊबाई, आधी मूठभर शिजवून बघायचा का?"

"पोकळ तर आहे सगळं. पाण्यात पडलं की मेथीसारखं आळेल," सगुणाबाई म्हणाली. "ओता सहाच्या सहा पोती."

पाण्याला उकळी फुटली, पास्ता पडला आणि जे व्हायचं ते झालं. आळायचं नाव नाही. नळ्या फुगल्या, शंख फुगले, हंड्याच्या काठाशी आले, झाकणं वर उचलली गेली. घरोघरची पातेली मागवली तरी पुरेनात. पण चव म्हणाल, तर विचारू नका. लसूण, टोमॅटो आणि ओल्या खोबऱ्याचं वाटण घालून केलेला तो पास्ता लोकांनी बोटं चाटत खाल्ला. कप्तानानं तीनदा मागून घेतला. पंगती उठल्या, गाव सुस्तावलं, आणि सगुणाबाई मुदपाकखान्यात परत आली तर चार हंडे नुसता शिजवलेला पास्ता जसाच्या तसा उभा होता.

उद्या सकाळी पंच येणार आणि हे चार हंडे बघणार. वीस वर्षांचं नाव एका सकाळीत जाणार. मागच्या बाजूला खोल घळ होती. गाव दुपारच्या झोपेत होतं, कुणाला कळायचंही नाही. तिनं एका हंड्याचा कान धरला आणि दुसरा कान धाकटीला धरायला सांगितला. दोघी हंडा उचलून घळीच्या काठावर आल्या.

तिथे धाकटी थांबली. ती रडली नाही, हात जोडून विनवण्याही तिनं केल्या नाहीत. म्हणाली, "जाऊबाई, काल पोळ्या उरल्या होत्या. आज सकाळी तुम्ही कुस्करून फोडणीला टाकल्या आणि आपण दोघींनी कढई पुसून खाल्ल्या. मग हे का टाकायचं?"

सगुणाबाईनं हंड्यात पाहिलं. घरात ती पोळीचा तुकडा टाकत नव्हती, आणि गावाचे चार हंडे घळीत ओतायला निघाली होती. कशासाठी, तर आपला अंदाज चुकला हे कुणाला दिसू नये म्हणून. तिला स्वतःची लाज वाटली. पळी जाईल याची भीती तर अजून होतीच. तरी तिनं हंडा खाली ठेवला आणि तशीच चावडीवर जाऊन घंटा वाजवली.

कुठे आग लागली म्हणून लोक डोळे चोळत धावत आले. सगुणाबाईनं मागोमाग आलेल्या धाकटीला पुढे घेतलं.

"माझा अंदाज चुकला," ती म्हणाली. "हिनं आधी बघू या म्हटलं होतं, मी ऐकलं नाही. चार हंडे उरलेत. घरोघरी न्या."

एका बाईनं विचारलं, की नेऊ, पण ह्या परक्या देशाच्या वस्तूचं करायचं तरी काय?

"पोळी उरली की काय करता? भात उरला की काय करता?" सगुणाबाई म्हणाली. "तेच ह्याचं करा."

झालं. गाव एकदम जागं झालं. पातेली, टोपल्या, परड्या, हाताला लागेल ते घेऊन लोक धावले आणि बघता बघता हंडे रिकामे झाले. संध्याकाळी एकूण एक चूल पेटली. एकीनं आमसुलाच्या आंबटगोड वरणात शंख सोडले, तर अगदी वरणफळं. दुसरीनं मोहरी, कढीपत्ता आणि कांद्यावर नळ्या परतल्या, वर दाण्याचं कूट भुरभुरलं, लिंबू पिळलं. कुणी दह्यात कालवून वर मिरचीची फोडणी ओतली. कोळीवाड्यात तो सुक्या जवळ्याबरोबर तव्यावर चरचरला. एका घरी बारीक चिरून भाजणीत मळला आणि त्याची अशी खरपूस थालीपिठं लागली, की शेजारीण कुंपणावरून ताट घेऊनच उभी राहिली. ह्या घरच्या वाट्या त्या घरी, त्या घरच्या ह्या घरी, गल्लीत चालायला जागा उरली नाही. एका आजोबांनी गूळ घालून खीर केली. ती फक्त आजोबांनीच खाल्ली.

सकाळी पंच आले. हंडे घासून पालथे घातलेले होते. कुणी काही विचारायच्या आत सगुणाबाईनं पळी थोरल्या पंचांच्या पायाशी ठेवली.

"अन्न उरलं होतं, हे खरं आहे," ती म्हणाली.

थोरले पंच म्हणाले, "उरलं तर पळी ठेवायची, असा नियम नाही. वाया गेलं तर ठेवायची." मग त्यांनी जमलेल्या लोकांना विचारलं, की कुणाकडे एक तरी नळी वाया गेली का. सगळ्यांनी आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी पातेलं चाटून संपवल्याचं शपथेवर सांगितलं.

पंचांनी पळी उचलली. सगुणाबाईनं हात पुढे केला, पण त्यांनी ती दिली धाकटीच्या हातात. आजच्या दिवस हीच वाढेल, म्हणाले, आणि सगुणाबाईला पाटावर बसवलं. वीस वर्षं ती सगळ्यांच्या मागून, हंड्याच्या तळाशी राहील ते खात आली होती. आज प्रत्येक घरानं तिच्यासाठी एकेक वाटी राखून ठेवली होती आणि आता गरम करून आणली होती. वाट्यांना पानात जागा पुरेना. पहिला घास घेताना तिचे डोळे भरून आले आणि दुसऱ्या घासाला तिला हसू फुटलं.

धाकटी पळी घेऊन समोर उभी राहिली आणि तिनं विचारलं, "जाऊबाई, किती वाढू?"

सगुणाबाई म्हणाली, "तुझ्या अंदाजानं वाढ."

तात्पर्य एवढंच, की अंदाज कुणाचाही चुकतो. चूक झाकायला गेलं तर अन्न घळीत जातं आणि मोकळेपणानं सांगितली तर त्याच अन्नावर सगळं गाव जेवतं.