नूरीचं नाव गोणीत गेलं त्याची गोष्ट

एक होता राजा. राजे काय, पुष्कळ असतात, पण हा भारी हळवा होता, बरं का. शेजारच्या घरात पातेलं पडलं तरी ह्याच्या काळजात धस्स व्हायचं. त्याच्या नगराला होत्या सात वेशी. दर वेशीची माणसं वेगळी आणि त्यांचे देवही वेगळे. घंटेच्या वेशीत पहाटेपासून देवळाची घंटा वाजायची. उदाच्या वेशीत दर्ग्यावर ऊद जळायचा. मेणबत्तीच्या वेशीत मेणबत्त्या, दिव्याच्या वेशीत देवीपुढं दिवे. आणि एक वेस तर अशी, की तिथले लोक कुणालाच हात जोडत नसत. नुसते विचारत बसत, 'असं का?' आणि 'तसं का नाही?' अगदी तुमच्यासारखे. सगळ्या वेशी सांगत बसले तर इथंच उजाडेल, तेव्हा एवढ्या पुरेत.

आता इतकी माणसं एकत्र म्हटल्यावर भांड्याला भांडं लागणारच. म्हणून त्या नगरात एक रीत होती. जत्रेच्या दिवशी कुणीही कुणाचीही थट्टा करावी. देवाची करा, दाढीची करा, शेंडीची करा, खुद्द राजाची करा. मात्र ज्याची थट्टा झाली, त्यानं आपल्या हातचा लाडू थट्टा करणाऱ्याच्या तोंडात कोंबायचा. मग तो चावत बसला, की आपलं उत्तर सुनवायचं. ह्याचं तोंड भरलेलं, तेव्हा ऐकून घेतल्यावाचून गत्यंतर नाही. शिवाय हातात लाडू असला की तो हात उगारता येत नाही, करून बघा कधी. फक्त 'मारीन' आणि 'जाळीन' ही भाषा चालत नसे. तसं कुणी बोललं तर लाडू नाही, राजाचा सोटा.

ह्या नगरात बयजा नावाची कासारीण राहायची, दिव्याच्या वेशीत. बांगड्यांचा हारा डोक्यावर घेऊन सातही वेशींत हिंडायची. जीभ अशी, की कातर बरी. तिला एकुलती एक लेक, नूरी. आता दिव्याच्या वेशीतल्या पोरीचं नाव नूरी कसं? तर हिच्या वेळेला बयजा अडली होती. तेव्हा उदाच्या वेशीतली म्हातारी सुईण नूरबी अनवाणी धावत आली आणि तिनं मायलेकींना वाचवलं. बयजा म्हणाली, "नूरबी, पोरीला तुझंच नाव." झालं. ते नाव घराघरांत गेलं.

एका वर्षी जत्रेत बयजानं घंटेच्या वेशीतल्या म्हादबा तांबटाला गाठलं. म्हणाली, "म्हादबा, तुमच्या वेशीत देव एक आणि घंटा पन्नास. त्या बिचाऱ्याला दुपारची डुलकी तरी काढू देता का?" सगळे हसले. म्हादबाचा चेहरा लालबुंद झाला. तो लाडू आणायला तरातरा घरात गेला.

तेवढ्यात तिथं आला गोणीवाला. उंचीनं जेमतेम बोटभर, इतकाच. अंगावरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी. वारा लागला तरी म्हणायचा, लागलं, लागलं. आणि गंमत अशी, की घंटेच्या वेशीत शिरला की त्याच्या कपाळावर टिळा उमटायचा. उदाच्या वेशीत शिरला की डोक्यावर टोपी यायची. मेणबत्तीच्या वेशीत गळ्यात क्रूस. जो तो म्हणायचा, हा तर आपलाच.

मग काय झालं, हा गेला राजाकडं. "महाराज, म्हादबाचं मन दुखावलं. अख्ख्या वेशीचं दुखावलं. ही माझी गोणी. दुखावणारं बोलणं हिच्यात भरलं की ते पुन्हा कुणाच्या तोंडी येत नाही." राजा म्हणाला, "कुणीच दुखावलं जाणार नाही? मग चांगलंच की." आणि त्यानं मान डोलावली.

गोणीवाल्यानं गोणीचं तोंड उघडलं. नगरातली सगळी थट्टा पाखरांसारखी भुर्रकन आत गेली. त्यानं करकचून गाठ मारली. म्हादबा लाडू घेऊन बाहेर आला, त्यानं आ केला, पण उत्तर काही फुटेना. उत्तरातही थट्टाच होती ना. मग त्यानं लाडू धोतराच्या सोग्यात बांधला आणि मुकाट घरी गेला. आणि गोणीवाला? तो हातभर वाढला.

दुसऱ्यांदा तो राजाला म्हणाला, "महाराज, त्या 'असं का'च्या वेशीत विचारतात, राजा राजाच का? ह्यानं तुमचं मन दुखावलं." राजानं मान डोलावली. सगळे प्रश्न गोणीत. गाठ. घराघरांत पोरांची तोंडं हलायची आणि आवाज नाही. बयजाला तर बरंच वाटलं. नूरीची दिवसभराची का-का थांबली, चार बांगड्या जास्त विकता येतील. आपलं काय गेलं, असं तिला वाटलं. वेडी कुठली. गोणीवाला आता ताडासारखा झाला.

तिसऱ्यांदा तो म्हणाला, "महाराज, एका वेशीची नावं दुसऱ्या वेशीच्या तोंडी. उदाच्या वेशीचं मन फार दुखावलं." राजानं मान डोलावली. नावं सुर्रकन गोणीत. तिसरी गाठ.

दुपारी बयजानं लेकीला जेवायला हाक मारायला तोंड उघडलं. हाक येईना. पुन्हा उघडलं. येईना. मग म्हणाली, "ए पोरी, ए बाळे, जेवायला ये." नूरी दारात उभी राहिली, डोळे भरलेले. म्हणाली, "ते माझं नाव नाही. माझं नाव मला पाहिजे." आणि पळाली की हो थेट चौकात.

चौकात डोंगराएवढी गोणी, आणि तिला टेकून गोणीवाला पोट भरल्यासारखा घोरत पडलेला. गाठींच्या मधून एक फट राहिली होती. नूरी शिरली त्या फटीतून आत, आपलं नाव शोधायला. गोणीवाल्यानं कूस बदलली, आणि त्याच्या भारानं फट बंद झाली.

बयजा धापा टाकत आली तर गोणीच्या आतून बारीक आवाज, "आई, इथं अंधार आहे. हाक मार, मी हाकेमागून येते." बयजा ओरडली, "इकडं ये, इकडं." पण आत हजारो शब्दांचा कल्लोळ, सगळेच इकडं-इकडं करत होते. आपल्या नावाची हाक असती तर पोरीला लगेच कळलं असतं. बयजा रडायला लागली. आयुष्यभर बडबडली बाई, आणि दोन अक्षरं जिभेवर येईनात.

मग ती धावली नूरबीकडं. नूरबी काठी टेकत आली. गोणीवाला जागा होऊन म्हणाला, "उदाच्या वेशीचं मन दुखावलं आहे." नूरबी म्हणाली, "मी त्याच वेशीतली. ते नाव माझं. आणि मला कुणी विचारलंच नाही. पोरीला माझं नाव दिलं त्या दिवशी मी वेसभर साखर वाटली होती, मेल्या." असं म्हणताच एक गाठ आपोआप सुटली.

नावं बाहेर पडली. बयजानं असा काही कंठ फोडला, की सातही वेशींत ऐकू गेलं, "नूरी, गं नूरी." आतून आलं, "ओ." पण अजून दोन गाठी होत्या.

एवढा गलका ऐकून राजा आला. गोणीतून येणारं पोरीचं रडणं त्यानं ऐकलं आणि त्याची मान खाली गेली. म्हणाला, "खरं सांगतो. त्या प्रश्नानं माझं मन दुखावलं नव्हतं. मला उत्तर येत नव्हतं." सुटली दुसरी गाठ. लगेच आतून नूरी विचारती झाली, "मला कधी काढणार? इथं इतकं गरम का?"

आता राहिली पहिली गाठ. म्हादबा गर्दीतून पुढं आला. बयजा घाबरली, कारण तो खरंच दुखावला होता. म्हादबा म्हणाला, "लागलं होतं मला. दोन घास कमी जेवलो मी. पण गोणी मी मागितली नव्हती. मला उत्तर द्यायचं होतं, ते राहिलं." तटकन गाठ सुटली. म्हादबानं सोग्यातला लाडू काढला, दगडासारखा कडक झालेला, आणि बयजाच्या तोंडात कोंबला. म्हणाला, "बयजे, गेल्या साली पोर तापानं फणफणली तेव्हा भर दुपारी देवळात येऊन घंटा कुणी बडवली? देवाची डुलकी तेव्हा कुठं गेली होती?" बयजाला बोलता येईना. लाडू मोठा होता आणि म्हादबाचं खरंही होतं. मग ती तोंड भरलेलं असतानाच हसली, आणि सगळा चौक हसला.

गोणीतून नूरी बाहेर आली, केसांत पुष्कळसे शब्द अडकलेले. गोणीवाला आक्रसत आक्रसत पुन्हा होता तेवढा झाला. कुणी म्हणालं, त्याला नदीत टाका. बयजा म्हणाली, "नको. 'लागलं' म्हणतो तर म्हणू दे, आपण ऐकू. फक्त गोणी त्याच्याकडं नको." मग ती गोणी उसवून पसरली. तिच्यावर आता मिरच्या वाळतात.

त्या दिवशी बयजानं हारा उचललाच नाही. दारात बसली आणि म्हणाली, "नूरी." नूरी म्हणाली, "ओ." थोड्या वेळानं पुन्हा, "नूरी." "ओ." असं संध्याकाळपर्यंत चाललं. शेवटी पोर वैतागली. "काय गं आई सारखं? काही काम आहे का?"

बयजा म्हणाली, "काही नाही गं. नुसती हाक मारली."

मग ते नगर भांडत, हसत, सुखानं राहिलं. झाली गोष्ट. पांघरुणं घ्या अंगावर, आणि निजा आता गुपचूप.