झुबकीच्या शेंगा आणि पुलावरचं फाटक

चिंचेच्या ढोलीत एक इवली खार राहायची. तिचं नाव झुबकी. तिच्या शेंगा घूसमामीच्या कोठीत होत्या.

एकदा तिच्या बाळाला भूक लागली. झुबकी निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

"मामी, मामी, शेंगा दे. तू देशील, बाळ जेवेल."

कोठी रिकामी! मामी म्हणाली, "शेंगा सशाकडे. तो देईल, मग मी देईन."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

"दादा, दादा, शेंगा दे. तू देशील, मामी देईल, बाळ जेवेल."

ससा म्हणाला, "शेंगा साळिंदरकाकांकडे. ते देतील, मग मी देईन."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

"काका, काका, शेंगा द्या. तुम्ही द्याल, दादा देईल, मामी देईल, बाळ जेवेल."

काका म्हणाले, "शेंगा नदीपल्याड. तिकडे पेरल्या, की एकीच्या खूप होतात. पण पुलाचं फाटक बंद. ते उघडेल, मग मी देईन."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

पुलावर ही गर्दी! फाटकापाशी खेकडेबुवा.

"बुवा, बुवा, फाटक उघडा. तुम्ही उघडाल, काका देतील, दादा देईल, मामी देईल, बाळ जेवेल."

बुवांनी सांगितलं, पल्याड एका वाफ्याला कीड लागली. एकाच. पण सगळे घाबरले. आपापल्या शेंगा आणायला एकदम धावले. पूल डुगडुग, डुगडुग हलला. म्हणून फाटक लावलं.

"उघडलं, तर पूल मोडेल," बुवा म्हणाले.

"नाही उघडलं, तर बाळ उपाशी," झुबकी म्हणाली.

दोघांचंही खरं होतं.

झुबकीने खूप विचार केला. मग गर्दीकडे वळली.

"मंडळी, मंडळी, खाली बसा. तुम्ही बसाल, बुवा उघडतील, काका देतील, दादा देईल, मामी देईल, बाळ जेवेल. मला आज मूठभर पुरेत. बाकीच्या राहू देत."

आणि ती सगळ्यांच्या मागे जाऊन बसली.

बेडूक बसला. मुंगूस बसलं. सगळे बसले. पूल हलायचा थांबला.

करकर्र! बुवांनी फाटक उघडलं. थोडंसंच. एक जाईल, एक येईल, एवढंच.

खुळखुळ, खुळखुळ शेंगा आल्या. काकांनी दादाला दिल्या. दादाने मामीला दिल्या. मामीने झुबकीला दिल्या.

बाळ जेवलं. कुडुम कुडुम.

मग बाळाने विचारलं, "आई, आता शेंगा कुठे ठेवायच्या?"

झुबकी म्हणाली, "थोड्या पल्याड. थोड्या मामीकडे. आणि थोड्या इथे, तुझ्या उशाशी."