बाई वडील कशी होणार?

सोनेवाडीच्या चर्चमध्ये मंडळीचा कारभार पाहायला नवे वडील निवडायचे होते. कुणाच्याही दुखण्याखुपण्याला धावून जाणाऱ्या सुगंधाबाई उजागरेंचं नाव पुढे आलं, तसे झुपकेदार मिशांचे हिवाळे पाटील उठले. त्यांच्यापुढे कुणी तोंड उघडत नसे.

"वडील म्हणजे बाप," ते गरजले. "बाई कधी बाप होते काय?"

चर्चचे धर्मगुरू असलेल्या पाळकसाहेबांना घाम फुटला. सुगंधाबाई शांतपणे म्हणाल्या, "पाटील, मंडळी म्हणजे ख्रिस्ताची नवरी, असं तुम्हीच प्रार्थनेत म्हणता. मंडळीत तुम्हीही आलात. एवढ्या मिशा असून तुम्ही नवरी होता, मग मी वडील का होऊ नये?"

आधी बायका हसल्या, मग पुरुष, आणि शेवटी पाटीलही. पाळकसाहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकून मत विचारलं. पहिला हात पाटलीणबाईंचा वर गेला.