साळुंकी, हंसी आणि पडणारा सर्व्हर

मुलांनो, तळ्याकाठच्या एका रानात एक साळुंकी होती. रानातल्या निरोपांचा सर्व्हर ती सांभाळायची. पाणी कुठे आहे, उंबर कुठले पिकले, शिकारी कोणत्या वाटेने येतोय, हे सगळं त्यावरून रानभर पोचायचं. त्याचा जावा या संगणकाच्या भाषेतला प्रोग्रामही तिनेच लिहिला होता. उत्तरेकडून आलेली एक हंसी हिवाळाभर तिच्याशेजारी बसून ते काम बघायची. ऊन तापू लागलं तशी हंसी निघाली. "निरोप पाठवीन," म्हणाली. पुढचा हिवाळा आला आणि गेला, त्याच्या पुढचाही गेला. ना हंसी आली, ना तिचा निरोप.

इकडे सर्व्हर सारखा पडू लागला. पुन्हा सुरू केला की जरा चालायचा, मग जड व्हायचा आणि बसायचा. आणि दर वेळी आधीपेक्षा लवकर. गवा म्हणाला, "मेमरी कमी पडतेय, वाढव की!" ती वाढवली. थोडे दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. अशातच कोळसुंद्यांची, म्हणजे रानकुत्र्यांची, टोळी ओढ्याकडे वळल्याचा निरोप मध्येच अडकला. हरिणीचं पाडस ओढ्यावर होतं. जीव वाचला, पण ते कायमचं लंगडं झालं. हरिणी साळुंकीवर चिडली नाही. "ताई, मी निरोपाची वाट बघत होते," एवढंच म्हणाली.

साळुंकीला घास जाईना. तिने असे बिघाड शोधणाऱ्या पाणमांजराला बोलावलं. सर्व्हर भरत आला असताना पाणमांजराने मेमरीची जशीच्या तशी प्रत काढली आणि जागा कोणी अडवलीय ते शोधलं.

"साळुंकीताई, ही सगळी येऊन गेलेल्या पाहुण्यांची सेशन्स आहेत, म्हणजे कोण आलं, काय बोलणं झालं याची सर्व्हरने ठेवलेली आठवण. नको झालेलं जावा आपलं आपण झाडून टाकतं. पण कोणी धरून ठेवलेलं असेल, तर त्याला हात लावत नाही. तुमचा प्रोग्राम यातलं एकही सोडत नाही. पुन्हा सुरू झाला की जुनीसुद्धा डिस्कवरून परत आत आणतो. हे असं कोणी लिहिलं?"

"मीच," साळुंकी म्हणाली. "हंसी परत आली आणि सर्व्हरने तिला 'तू कोण?' म्हणून विचारलं, तर तिला काय वाटेल? म्हणून गेलेल्या कोणाचंच सेशन मिटू दिलं नाही."

पाणमांजराने कीबोर्ड हळूच तिच्याकडे सरकवला. "मग तुम्हीच सोडा."

साळुंकीने गेलेल्यांची सेशन्स मिटवायची सूचना लिहिली आणि डिस्कवरची जुनी सेशन्स पुसली. त्यांत हंसीचंही होतं. त्यानंतर मेमरी भरायची, झाडली जायची, पुन्हा भरायची. पण सर्व्हर पडला नाही.

काही दिवसांनी उत्तरेकडून निरोप आला. "अगं, कितीदा लिहिलं तुला! कधी सर्व्हर बंद, कधी निरोप अर्ध्यातच अडकलेला. माझ्या पंखात आता बळ नाही, डोंगर ओलांडवत नाहीत. तळं आठवतं. तू आठवतेस. बोलशील ना?"

साळुंकीने तो पुन्हा पुन्हा वाचला. हंसी आता कधीच येणार नव्हती. डोळे पुसून ती लिहू लागली, "बोल गं. मी ऐकतेय."

तात्पर्य : गेलेल्याची रिकामी जागाच घट्ट धरून बसलं, तर त्याची हाक आत यायलाही वाट उरत नाही.