उजव्या पायाचा डाग

"उजवा नाही, तर मग कुठला?"

नरहर साळोत्र्याचा आवाज चढला. साळोत्री म्हणजे घोड्यांचा वैद्य, आणि नरहर तर संस्थानच्या पागेतला. वय अवघं पंचवीस, पायांत दरबारातून मिळालेला लाल जोडा. असा माणूस घाटमाथ्यावरच्या एका म्हाताऱ्या नालबंदाला प्रश्न विचारत उभा होता, हेच त्याला खुपत होतं.

रहीमबाबा झऱ्यापाशी बसून नालांचे वाकडे खिळे दगडावर सरळ करत होते. घोडी त्यांच्या पाठीमागे उभी होती. त्यांनी मान वळवली नव्हती. नरहर आल्यापासून बोलत होता, ते त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि "उजवा नव्हे" एवढंच म्हटलं.

"बाबा, मी तीन वर्षं मेलेले घोडे फाडून शिकलोय. खांद्यापासून खुरापर्यंतची शीर न् शीर सांगतो. ही दुडकी चालली की उजवा पुढचा पाय धाडकन आपटते, आणि त्याच वेळी मान खाली टाकते. म्हणजे कळ तिथेच! शंभरदा सांगीन, उजवाच!"

ठक... ठक... खिळा सरळ झाला. बाबांनी दुसरा घेतला.

घोडी भागाबाईची. नवरा गेल्यापासून ती बाई तांड्याबरोबर या एका घोडीवर कोकणातून मीठ आणून देशावर विकत होती. पंधरा दिवसांपूर्वी घोडी माथ्यावर लंगडली. नरहर त्या वाटेने चालला होता. त्याने पाहिलं, लोखंड तापवलं आणि उजव्या पायाला डाग दिला. तांड्याबरोबर तोही माथ्यावर थांबला, पण घोडी होती तशीच राहिली.

आज दुपारी तांडा हलणार होता. लंगडं जनावर माथ्यावरच सोडून पुढे जायचं, ही तांड्याची रीत. रात्री त्याचं काय होतं, ते कुणी विचारत नसे.

"काय बी करा, पर हिला चालती करा," भागाबाई म्हणाली. सकाळपासून ती एवढंच म्हणत होती.

बाबांनी हातोडी ठेवली.

"डावा जोडा काढ."

"कुणाचा?"

"तुझा."

नरहरने काढला. बाबांनी झऱ्यातला एक खडा उचलून जोड्यात टाकला आणि जोडा पुढे केला.

"घाल. त्या दरडीच्या कडेने जाऊन ये. भरभर."

"बाबा, ही थट्टेची वेळ नाही."

"बाई, तू घोडी घेऊन याच्या मागून चल."

नरहर निघाला. खडा बरोबर टाचेखाली आला होता. दहा पावलांत त्याच्या तोंडून "आई गं" निघालं, आणि मागून भागाबाईला एवढ्या काळजीतही हसू फुटलं. साळोत्रीबुवांचा सगळा रुबाब त्या एका खड्याने उतरवला होता.

ऊन अजून तिरपं होतं. दरडीवर त्याची सावली त्याच्याबरोबर चालत होती.

नरहरने सहज तिकडे पाहिलं आणि त्याचं पाऊल मंदावलं.

सावली डावं पाऊल टेकवते न टेकवते तोच उचलत होती. उजवं मात्र धाडकन आपटत होती, आणि त्याच वेळी तिचं डोकं खाली जात होतं.

मागे घोडीची सावली होती. उजवा आपटत होता. मान खाली जात होती.

तो थांबला. खडा तर डाव्या जोड्यात होता...

मग तो जोडा न काढताच लंगडत मागे धावला, घोडीशेजारी बसला आणि तिचा डावा पुढचा पाय मांडीवर घेतला. खूर खरवडलं. एका जागी अंगठा दाबताच घोडी थरथरली. चाकूचं टोक तिथे जरासं शिरलं आणि काळा पू भळकन बाहेर आला. पाठोपाठ जोंधळ्याच्या दाण्याएवढी दगडाची कपची.

घोडीने नाकातून मोठा श्वास सोडला. खाली ठेवलेला पाय तिने हळूहळू जमिनीवर टेकू दिला.

भागाबाईने तिच्या मानेला मिठी मारली. रडू आवरल्यावर तिचं लक्ष उजव्या पायाकडे गेलं. डागाची जखम अजून ओली होती.

"मग ह्यो डाग कशापायी, साळोत्रीबुवा?"

नरहरला उत्तर सुचलं होतं. डागाने अंगातली उष्णता उतरली, म्हणून पू एका जागी आला, असं काहीतरी. बाईने मानही डोलवली असती. त्याने बाबांकडे पाहिलं. बाबा खिळा डोळ्यांसमोर धरून सरळ झालाय का ते बघत होते.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "चांगला पाय जाळला मी. आणि तिसऱ्या दिवशीच शंका आली होती मला. बोललो नाही."

भागाबाईने मिठाची गोणी ओढत आणून त्याच्या पुढ्यात टाकली.

"मुक्कामापतोर घोडी रिकामी चालंल. ही तुमी घ्या."

संस्थानच्या साळोत्र्याने गोणी पाठीवर घेतली. जोड्यातला खडा काढायला मात्र तो विसरला नाही. तांडा हलला. झऱ्यापाशी येऊन नरहर वाकलेल्या पाठीने उभा राहिला.

"बाबा, एकच सांगा. तुम्ही घोडीकडे वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं. तरी मी चुकतोय हे कसं ओळखलंत?"

बाबांनी नवा खिळा दगडावर ठेवला.

"घोडी मी नंतर पाहिली, बेटा. आधी तुला बोलताना ऐकलं. खात्री असलेला माणूस शंभरदा सांगत नाही."