मेजावरचे पांढरे कापड

एका साली वृद्ध अमृतबाबा बोरखडीच्या ख्रिस्ती वस्तीत मुक्कामाला होते. दगडी देवळाची ओसरी हेच त्यांचे घर. उपासनेची घंटा वाजायच्या आधीच मंडळी जमायची ती बाबांच्या भजनासाठी, हे त्या घंटेलाही ठाऊक असावे!

वस्तीत रिबकाबाई नावाची एक विधवा होती. कातडी कमावून पोट भरायची. दिवसभर हात कातडी भिजवायच्या कुंडात, बाभळीच्या सालीच्या पाण्यात, म्हणून मनगटापर्यंत तांबूस-काळा रंग चढलेला. राखेने घासा नाहीतर लिंबाने, जायचा नाही. प्रभुभोजनाच्या मेजावरचे पांढरे कापड एकदा तरी आपल्या हाताने धुवावे, एवढीच तिची इच्छा होती. त्या महिन्यात बाबांनी ते काम तिलाच सांगितले.

बाईने कापड जीव ओतून धुतले. वाळल्यावर बघते तर काय, पिळताना धरले होते तिथे पाच बोटांचे पाच डाग!

देवळाचे कारभारी होते जखऱ्यामास्तर. माणूस सोवळ्याचा भारी. दारातल्या घंगाळात तीनदा हात धुतल्याशिवाय आत पाऊल टाकायचे नाहीत. उपासनेला डाग दिसताच ते सगळ्यांदेखत म्हणाले, "कुंडातले हात पवित्र मेजाला लावले की असेच व्हायचे. या बाईने आज प्रभुभोजन घेऊ नये."

रिबका तोंडाला पदर लावून मागच्या खांबाशी जाऊन बसली. प्रभुभोजनात मिळणाऱ्या भाकरीच्या एका तुकड्यासाठी ती महिनाभर दिवस मोजायची हो!

बाबांनी तेच डागाळलेले कापड मेजावर पसरले. मास्तरांनी नाक मुरडून द्राक्षरसाचा प्याला उचलला, आणि काय झाले देव जाणे, प्याला कलंडला. लाल रस कापडभर पसरला. मंडळी जागच्या जागी थिजली.

"रिबका, ये बाळ," बाबांनी हाक मारली, "तूच पूस."

ती भीत भीत आली. हाताशी फडके नव्हते, म्हणून तिने दोन्ही तळवेच कापडावर टेकवले. "प्रभो, माझे हात असलेच आहेत रे," एवढे पुटपुटली आणि तळवे उचलले. काय सांगावे! कापड जुईच्या फुलासारखे पांढरे. रस नाही, डाग नाही. हात मात्र होते तसेच, तांबूस-काळे आणि रसाने ओले.

ती हात पदराआड लपवू लागली, तर बाबांनी ते आपल्या हातांत धरून ठेवले. म्हणाले, "मास्तर, तुमच्या आज्याचे हात मी पाहिलेत. असेच होते. त्याच हातांनी त्याने या देवळाचे दगड वाहिले."

मास्तरांच्या डोळ्यांना धार लागली. आजा कुंडावर राबायचा, हे त्यांनी पोटच्या मुलांनाही कधी सांगितले नव्हते. ते पुढे आले, रिबकाबाईच्या पायांवर डोके ठेवले आणि म्हणाले, "अक्का, माझे चुकले. आधी तू घे, मग मी."

तिने गडबडीने खांद्याला धरून त्यांना उठवले, तशी त्यांच्या शुभ्र सदऱ्यावर पाच बोटे उमटली. तो सदरा मास्तरांनी जन्मभर जपला, पण त्या खांद्याला पाणी म्हणून लागू दिले नाही.